सराव पेपर सोडवून झाला, पुढे काय?

रविवारी सकाळी साडेदहाला आम्ही बाराजण सोलापुरातल्या एका शाळेच्या वर्गात बसतो. बाक सातवीच्या मुलांचे, बसणारे चाळिशी ओलांडलेले. फळ्यावर कुणीतरी खडूने वेळ लिहून ठेवतं, १०.३० ते १.००. समोर दीडशे प्रश्नांचा सराव पेपर, गोल काळे करायच्या ओएमआर उत्तरपत्रिकेची झेरॉक्स, काळ्या शाईचं बॉलपेन. एक बाई पूर्व भागातल्या तेलुगू माध्यमाच्या शाळेतून येतात. एक सर अक्कलकोटहून एसटीने येतात, त्यांची शाळा कन्नड माध्यमाची. दोघी महापालिकेच्या उर्दू शाळेतल्या. बाकीचे आम्ही मराठी माध्यमाचे, कुणी जिल्हा परिषदेचे तर कुणी खासगी संस्थेचे. प्रत्येकाची सेवा पंधरा वर्षांहून जास्त झालेली, आणि तरी सगळे टीईटीला, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेला बसणार आहेत.

कारण सगळ्यांना ठाऊक आहे. १ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की ज्यांच्या निवृत्तीला पाच वर्षांहून अधिक काळ उरला आहे त्या सेवेतल्या शिक्षकांनीही दोन वर्षांत टीईटी उत्तीर्ण व्हायला हवं. पाच वर्षांच्या आत निवृत्त होणाऱ्यांना नोकरीपुरती सूट मिळाली, पण पदोन्नती हवी असेल तर परीक्षा त्यांनाही द्यावी लागणार. अल्पसंख्याक संस्थांचा प्रश्न न्यायालयाने मोठ्या पीठाकडे सोपवला. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेने टीईटीची अट घातली ती २३ ऑगस्ट २०१० ला, आणि महाराष्ट्रात पहिली टीईटी झाली २०१३ मध्ये. मी २००३ साली शिक्षणसेवक म्हणून लागलो. तेव्हा जी पात्रता मागितली होती ती सगळी माझ्याकडे होती. मधल्या काळात नियम बदलला आणि तो मागे जाऊन माझ्यापर्यंत पोचला, याची खंत मनात आहे. तरीही हा लेख त्या निकालाविरुद्ध नाही. वर्गात उभ्या राहणाऱ्या माणसाला बालमानसशास्त्र, भाषा, गणित आणि परिसर यांची जाण असावी, ही अपेक्षा मला चुकीची वाटत नाही.

मला बोलायचं आहे ते या परीक्षेच्या तयारीबद्दल. सराव पेपर हे तयारीचं सर्वांत चांगलं साधन आहे आणि आपण ते सर्वांत वाईट पद्धतीने वापरतो. यात अर्धा दोष आपला. उरलेला अर्धा त्या व्यवस्थेचा, जिने परीक्षा सक्तीची केली आणि सरावाची सोय मात्र बाजारावर सोडून दिली.

आधी आपल्या दोषाबद्दल, कारण तो उद्यापासून सुधारता येतो.

मी पहिला सराव पेपर घरी सोडवला तेव्हा मला १५० पैकी ८४ गुण पडले. खुल्या प्रवर्गाला ६० टक्के लागतात, म्हणजे ९०. सहाच गुण कमी, म्हणून थोडा धीर आला. उत्तरसूची वाचली, चुकलेल्या उत्तरांवर लाल खुणा केल्या आणि चार दिवसांनी तोच पेपर पुन्हा घेतला. ११७ पडले. त्या संध्याकाळी घरात मी परीक्षा पास झाल्यासारखाच वावरत होतो. पुढच्या रविवारी नवा पेपर हातात घेतला आणि त्यात ८६ पडले. मधल्या ११७ मध्ये माझं ज्ञान वाढलेलं नव्हतं. मला प्रश्न ओळखीचे झाले होते, उत्तर तिसऱ्या पर्यायात आहे हे डोळ्यांना आठवत होतं. ओळख पटणं आणि समजणं या दोन्हींतलं अंतर मला शिक्षक असूनही पेपर हातात घेतल्यावर कळलं. वर्गात मुलं धडा घडाघडा वाचतात आणि प्रश्न जरा फिरवून विचारला की गप्प होतात, ती हीच गोष्ट.

यावर झालेलं एक संशोधन मला फार महत्त्वाचं वाटतं. २००६ मध्ये रोडिगर आणि कार्पिकी या अमेरिकेतल्या दोन मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांना एक उतारा अभ्यासायला दिला. एका गटाने तो चार सत्रांत पुन्हा पुन्हा वाचला. दुसऱ्या गटाने एका सत्रात वाचला आणि पुढच्या तीन सत्रांत उतारा बाजूला ठेवून, आठवेल तेवढं कोऱ्या कागदावर लिहिलं. पाच मिनिटांनी तपासलं तेव्हा वाचणारे पुढे होते, त्यांना ८३ टक्के मजकूर आठवला आणि लिहिणाऱ्यांना ७१ टक्के. आठवड्याने पुन्हा तपासलं तर वाचणारे ४० टक्क्यांवर घसरले होते आणि आठवून लिहिणारे ६१ टक्क्यांवर होते. म्हणजे स्वतःची परीक्षा घेणं हाच अभ्यासाचा एक प्रकार आहे, आणि नुसत्या वाचनापेक्षा तो जास्त टिकतो. "आधी सगळं वाचून होऊ दे, मग पेपर सोडवू" असं म्हणणाऱ्यांना हे सांगायला हवं. पेपर शेवटच्या महिन्यासाठी राखून ठेवू नका, पहिल्या आठवड्यापासून घ्या.

पण या प्रयोगातली एक बाब सराव पेपर विकणारे कधी सांगणार नाहीत. तिथे विद्यार्थ्यांसमोर कोरा कागद होता, चार पर्याय नव्हते. आठवण्याचं कष्ट त्यांना स्वतः घ्यावं लागलं आणि फायदा झाला तो त्या कष्टाचा. आपण पर्यायांवरून नजर फिरवतो, ओळखीचा वाटेल त्यावर गोल काळा करतो आणि त्याला सराव म्हणतो. आम्ही आता घरी सराव करताना जाड कागदाच्या पट्टीने चारही पर्याय झाकतो. प्रश्न वाचायचा, उत्तर मनात किंवा कागदावर मांडायचं आणि मगच पट्टी काढायची. वेळ दुप्पट लागतो. रविवारचा पेपर मात्र खऱ्या परीक्षेसारखाच, दीडशे मिनिटांत दीडशे प्रश्न. वीस-पंचवीस वर्षांनी अडीच तास एका जागी बसून गोल काळे करायचे, तर हाताला, पाठीला आणि चष्म्याच्या डोळ्यांनाही सवय लागते.

अंदाजाचं गणितही एकदा मांडून पाहा. या परीक्षेत चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. समजा मला सत्तर प्रश्नांची उत्तरं खात्रीने येतात आणि उरलेल्या ऐंशी प्रश्नांना मी डोळे मिटून गोल केले. चारांतला एक बरोबर धरला तर सरासरीने वीस गुण मिळतात. सत्तर अधिक वीस म्हणजे नव्वद. अर्ध्याहून कमी येणारा माणूस नशिबाने साथ दिली तर पात्र ठरू शकतो, आणि नशीब थोडं फिरलं की पंच्याऐंशीवर अडकतो. खऱ्या परीक्षेत एकही गोल रिकामा सोडू नये, हे मीही सांगेन. सरावात मात्र अंदाज लपवणं म्हणजे स्वतःला फसवणं आहे. म्हणून आमचा नियम असा, की जिथे अंदाज केला तिथे प्रश्नाशेजारी एक ठिपका द्यायचा. पेपर तपासताना ठिपक्याचं उत्तर बरोबर आलं तरी ते चुकलेल्यांत धरायचं. पहिल्या रविवारी हा नियम लावला तेव्हा कुणाच्याच पेपरात सत्तर गुण उरले नाहीत. अक्कलकोटचे सर म्हणाले, "आता कुठं खरं कळालं की, सर."

चुकलेल्या प्रश्नांसाठी प्रत्येकाची वेगळी वही आहे. मी काय समजलो होतो, बरोबर काय आहे आणि माझी चूक कुठे झाली, हे तिच्यात लिहायचं. शेवटचं लिहिणं सर्वांत अवघड जातं. माझ्या वहीची पहिली पन्नास पानं उलटली तेव्हा दिसलं की मला माहितीच नव्हती असे प्रश्न निम्म्याहून कमी होते. बरेच प्रश्न "पुढीलपैकी कोणते विधान चुकीचे आहे" यातला "चुकीचे" हा शब्द नजरेतून सुटल्यामुळे गेले होते. आणि कितीतरी प्रश्न शब्दांच्या घोटाळ्यात गेले. व्हायगॉट्स्की या मानसशास्त्रज्ञाची एकच संकल्पना एका पुस्तकात "समीपस्थ विकासाचे क्षेत्र" म्हणून येते आणि दुसऱ्यात "नजीकच्या विकासाचे क्षेत्र" म्हणून. एका ठिकाणी पाठ केलेलं दुसऱ्या ठिकाणी ओळखता येत नाही. संकल्पना समजलेली असेल तर शब्द बदलला म्हणून माणूस अडत नाही. मूल एकट्याने जे करू शकत नाही पण मोठ्याच्या थोड्या मदतीने करू शकतं, ते क्षेत्र. पहिलीच्या मुलाचं बोट धरून अक्षर गिरवून घेणाऱ्या प्रत्येक बाईला ते माहीत आहे, फक्त त्याचं नाव माहीत नाही.

माझे वडील यंत्रमागावर कामाला होते. लहानपणी डबा घेऊन गेलो की मी त्यांच्याजवळ उभा राहायचो. ताण्यातली तार तुटली की ते माग थांबवायचे, तुटकं टोक शोधायचे, गाठ मारायचे आणि मगच माग सुरू करायचे. मजुरी कापडावर मिळायची, थांबण्यावर नाही, तरी थांबायचे. तार तशीच सोडून माग पळवला तर तो दोष पुढे सगळ्या कापडात उतरत जातो. सराव पेपर एकामागून एक सोडवत सुटणारे सहकारी बघतो तेव्हा मला तो कारखाना आठवतो. "माझे साठ पेपर झाले" असं एकजण अभिमानाने सांगत होते. त्यांना विचारलं, साठव्यात चुकलेला कुठला प्रश्न आठव्या पेपरातही चुकला होता? त्यांच्याकडे उत्तर नव्हतं. साठ पेपर सोडवण्यापेक्षा दहा पेपर सोडवावेत आणि प्रत्येकावर पेपरापेक्षा दुप्पट वेळ बसावं, या मतावर मी ठाम आहे.

मुलांच्या विचारांच्या वाढीचे टप्पे सांगणाऱ्या पियाजे या मानसशास्त्रज्ञावरचा एक प्रश्न जवळजवळ प्रत्येक सराव पेपरात असतो. मूर्त क्रियात्मक अवस्थेचा कालावधी कोणता? उत्तर, सात ते अकरा वर्षं. पाठ करायला पाच सेकंद लागतात. एका रविवारी आम्ही यावर थांबलो. सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही, मध्ये काही दिवस जातात. म्हणून पाणी आलं की घरातलं लहान मूलही भांडी भरायला धावतं. तेलुगू शाळेच्या बाईंनी दुसऱ्या दिवशी पहिलीच्या वर्गात एक पसरट पातेलं आणि एक उंच अरुंद भांडं नेलं. मुलांसमोर पातेल्यातलं पाणी त्या भांड्यात ओतलं आणि विचारलं, आता पाणी वाढलं का? बरीच मुलं म्हणाली, वाढलं, कारण वर आलं. मग एक मुलगी उठली आणि तेलुगूत म्हणाली, तेच पाणी आहे, आमच्या घरी बिंदेत ओतलं तरी तेवढंच राहतं. घरात रोज मोजून पाणी वापरणाऱ्या त्या मुलीला अक्षय्यतेची, म्हणजे भांडं बदललं तरी पाणी तेवढंच राहतं ही, या अवस्थेत येणारी संकल्पना कदाचित वयाच्या आधीच हाताला लागली होती. बाईंनी हे पुढच्या रविवारी सांगितलं तेव्हा वर्गातल्या एकालाही तो प्रश्न पुन्हा पाठ करावा लागला नाही. मराठीत घागर, तेलुगूत बिंदे, कन्नडमध्ये कोड, असा आमचा भाषेचा तासही त्यातच झाला.

इथे सोलापूरचा वेगळा प्रश्न सुरू होतो आणि अर्धा दोष व्यवस्थेचा का म्हणतो तेही.

या शहराच्या पूर्व भागात पिढ्यान्‌पिढ्या तेलुगू बोललं जातं, तेलंगणातून विणकामासाठी आलेल्या पद्मशाली समाजाने हे शहर उभं करायला मोठा हात लावला. अक्कलकोट आणि दक्षिण सोलापूर तालुक्यांत सीमेलगत कन्नड शाळा आहेत. उर्दू शाळाही आहेत. टीईटीमध्ये भाषेच्या विभागासाठी या भाषा निवडता येतात. हा विभाग तीस गुणांचा, म्हणजे एकूण गुणांच्या पाचव्या हिश्श्याचा. पण पुस्तकांच्या दुकानात जाऊन बघा. मराठीचे सराव संच हारीने लावलेले दिसतात. तेलुगूचा महाराष्ट्राच्या टीईटीसाठीचा संच मला शोधूनही मिळाला नाही. आमच्या बाई तेलंगणाच्या टीईटीची पुस्तकं हैदराबादहून मागवतात, अक्कलकोटचे सर कर्नाटकच्या परीक्षेची. व्याकरण तेवढं जुळतं. परिसर अभ्यासाला आले की तिथली नदी, तिथला राजा, तिथलं पाठ्यपुस्तक. आपल्याकडे चौथीला शिवछत्रपती आहेत, तिथे नाहीत. पन्नाशीकडे आलेल्या शिक्षकाने दोन राज्यांच्या पुस्तकांतून आपल्या परीक्षेचा अभ्यास वेचून काढायचा, हे न्याय्य नाही.

मराठीवाल्यांची अडचण वेगळी आहे. आमच्याकडे संच खूप आहेत, पण विश्वासाचे कोणते हे कळत नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर रोज एक पीडीएफ येते. कुणी बनवली, उत्तरं कुणी तपासली, काही कळत नाही. एकाच प्रश्नाची दोन संचांतली दोन वेगळी उत्तरं आम्ही स्वतः पाहिली आहेत. हा दोष किरकोळ समजू नये. रोडिगर आणि मार्श यांनी २००५ मध्ये दाखवलं, की बहुपर्यायी प्रश्नांत निवडलेला चुकीचा पर्याय पुढे खरं ज्ञान म्हणून डोक्यात बसू शकतो. म्हणजे चुकीची उत्तरसूची लावलेला संच शिक्षकाला नुसता नापास करत नाही, तो त्याला चुकीचं शिकवतो. आणि तो शिक्षक सोमवारी वर्गात जातो.

महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद परीक्षेनंतर अंतरिम उत्तरसूची काढते, आक्षेप मागवते आणि मग अंतिम उत्तरसूची देते. ही पद्धत चांगली आहे, ती एक पाऊल पुढे न्यावी. आतापर्यंतचे सगळे पेपर, सगळ्या माध्यमांचे, अंतिम उत्तरांसह एका जागी विनामूल्य ठेवावेत. प्रत्येक प्रश्नाखाली चार ओळी असाव्यात, हा पर्याय बरोबर का आणि उरलेले तीन चूक का. तीन चुकीच्या पर्यायांचं स्पष्टीकरण हाच खरा अभ्यास असतो, कारण तेवढीच जागा आहे जिथे आपण अडखळतो. प्रश्न काढणाऱ्या तज्ज्ञाने ते तीन पर्याय काही विचार करूनच ठेवलेले असतात. तो विचार त्याच्याकडे आहेच, फक्त कागदावर यायला हवा. एकदा केलेलं हे काम वर्षानुवर्षं उपयोगी पडेल आणि नव्या उमेदवारांनाही, ज्यांच्याकडे क्लासची फी भरायला पगार नसतो.

कुणी म्हणेल, परीक्षा घेणाऱ्यानेच सराव पुरवला तर परीक्षेला अर्थ काय राहिला? मला हा आक्षेप टिकणारा वाटत नाही. वाहन चालवण्याचा परवाना देणारं खातं रस्त्यावरची चिन्हं आधीच छापून सगळ्यांना देतं, म्हणून परवान्याची चाचणी निरर्थक ठरत नाही. प्रश्न गुप्त ठेवावेत, विचार करण्याची पद्धत गुप्त ठेवण्याचं कारण नाही. दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. सराव पेपरांनी परीक्षा पास होते, शिक्षक चांगला होतोच असं नाही. खरं आहे. कागदावरच्या दीडशे गोलांत मुलाच्या खांद्यावर हात ठेवणं मोजता येत नाही. पण आम्ही पातेलं आणि उंच भांडं वर्गात नेलं ते एका सराव प्रश्नामुळेच नेलं. प्रश्नापाशी थांबायला वेळ आणि सोबत मिळाली तर पेपर वर्गापर्यंत पोचतो. ते एकट्याने, रात्री अकरा वाजता मोबाइलवर होत नाही.

त्या सोबतीसाठी नवी यंत्रणा उभारायची गरज नाही. केंद्रस्तरावर, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटात, शिक्षकांच्या शिक्षण परिषदा होतातच. वेळापूरला जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था आहे. जिल्ह्यात अकरा तालुके आहेत. प्रत्येक तालुक्यात महिन्यातून एक दिवस पूर्ण वेळेचा सराव पेपर आणि दुसऱ्या दिवशी फक्त चुकलेल्या प्रश्नांवर चर्चा, एवढंच हवं. दुसरा दिवस जास्त महत्त्वाचा. पैसे किंवा वेळ कमी पडला तर पहिला दिवस कापा, पेपर लोक घरी सोडवतील, दुसरा कापू नका.

हे व्हायला हवं यामागे आणखी एक कारण आहे आणि ते लिहिताना मला त्रास होतो. २०१९ च्या टीईटीच्या निकालात पैसे घेऊन गुण वाढवल्याचं उघड झालं, सात हजारांहून अधिक उमेदवारांवर कारवाई झाली. त्या वर्षी प्रामाणिकपणे रात्री जागून बसलेल्यांच्या प्रमाणपत्राकडेही लोक संशयाने बघू लागले. पैसे देणाऱ्यांची बाजू मी घेणार नाही. पण वर्षानुवर्षं निकाल एक आकडी टक्क्यांत लागतो, कुठे चुकलो हे कुणी सांगत नाही, तेव्हा माणसाला वाटू लागतं की अभ्यासाने हे होणारच नाही. दलाल नेमक्या त्याच वेळी दारात येतो. आता नोकरीच पणाला लागलेले हजारो शिक्षक या परीक्षेला बसणार आहेत, त्यामुळे ही भीती पहिल्यापेक्षा मोठी आहे.

आम्ही बाराजणांनी सह्या करून वेळापूरच्या संस्थेला पत्र लिहिलं आहे. त्यात तालुक्याच्या चर्चेच्या दिवसाची मागणी आहे. सोबत आमच्या चुकांच्या वह्यांतून निवडलेले चाळीस प्रश्न जोडले आहेत, प्रत्येकाखाली चारही पर्यायांचं स्पष्टीकरण, मराठी, उर्दू, कन्नड आणि तेलुगूत. तेलुगूचा भाग बाईंनी हाताने लिहिला, कारण आमच्यापैकी कुणाच्याच संगणकावर ती अक्षरं नीट उमटत नव्हती. पुढच्या रविवारी त्याच्या झेरॉक्स काढून वर्गात ठेवणार आहोत. ज्यांना हव्या असतील त्यांनी साडेदहाच्या आधी यावं.